मुकी पट्टी

होझिया ट्रिम्बल गेला तेव्हा खोलीत निघाले
दोन कोट, एक शेगडी
आणि तीन हप्ते थकलेला पियानो.
विकण्याआधी सूर लावून द्या, म्हणून मला बोलावलं.
सेंट लुईसमध्ये चाळीस वर्षं मी तेच करतो :
चर्चचे, शाळांचे, गुत्त्यांचे
उतरलेले सूर जागेवर आणतो.

तो शिकला लुइझियानातल्या लाकूडतोड्यांच्या तळावर.
अकरा वर्षांचा. बाकावर बसला तर पाय पोचत नसत,
म्हणून उभ्यानेच.
शनिवारी पगार व्हायचा, रविवारी पहाटेपर्यंत
पाइनचा डिंक लागलेली माणसं नाचायची,
फरशी नव्हतीच, नुसता भुसा.
त्या पियानोची एक पट्टी मुकी होती :
डावीकडून चौदावी, काळी.
तिची तांब्याची जाड तार काढून कुणीतरी
करवतीची मूठ बांधली होती.

जिन्याची एक पायरी नसली
की अंधारातही पाय आपोआप उचलला जातो,
तसं त्याच्या डाव्या हाताचं झालं.
ठेका चालत यायचा, चालत यायचा,
ऐन त्या जागी खाडा,
आणि पुढच्या सुरावर असा पडायचा
की उभी माणसं बसायची
आणि बसलेली उठायची.

मग गावं. मेम्फिस, हेलेना, इथला नदीकाठ.
सहा रेकॉर्डी, प्रत्येकी पंधरा डॉलर, हिशेब मिटला.
व्हर्नेल ओक्सने त्या झिजेस्तोवर ऐकल्या,
खाड्यासकट हात उचलला.
तिच्याकडून तो शिकागोला गेला,
तिथून कुठे कुठे, मला माहीत नाही.

परवा एका शाळेत पियानो लावत होतो.
नऊ वर्षांची मुलगी, इमानी, वेण्यांत पिवळे मणी,
अठ्ठ्याऐंशी पट्ट्या धडधाकट असलेल्या वाद्यावर
बरोब्बर त्या जागी थांबली.
मी विचारलं, इथे का गं?
म्हणाली, बाईंनी सांगितलंय, इथे श्वास घ्यायचा.
मी करवतीची गोष्ट सांगणार होतो.
नाही सांगितली.

तर, त्याची खोली.
झाकण उघडलं. हातोड्यांच्या नमद्यावर
तारांनी पाडलेल्या खाचा, खोल,
म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या.
फक्त चौदावीचा नमदा कोरा,
कारखान्यातून आला तसा.
एकवीस वर्षं धड पियानो घरात,
आणि हा तिच्यावरून
हात उचलूनच जात राहिला.

मी ती तारही लावली. काम ते काम.
एकदा वाजवून पाहिली. खणखणीत होती.
भिंतीपलीकडून मिसेस गॅडसन ओरडली,
कोण आहे तिकडे?