तीनचा आकडा

सारंगखेड्याच्या पुलाखाली
पट्टीवरचं पाणी वाचतो मी,
पावसाळाभर, तासातासाला.
कंदिलाच्या जागी मोबाइलचा उजेड आला,
बाकी तेच: गाळ, डास,
सुपडूनानाची खोकणारी नाव.

आकडा पाठवला की तो
उकाईच्या भिंतीला न अडता पोचतो
थेट खाली, सुरतेपलीकडे,
जिथे शिरपूरची रेवती गिरासे
संगणकात तापी वाहवते.
तिथं म्हणे खारं पाणी
भरतीला तळातून सरपटत आत चढतं,
गोडं त्याच्या डोक्यावरून निघून जातं,
बराच वेळ एकमेकांना न विचारता.

मी समुद्र पाहिलेला नाही.
माझं मीठ म्हणजे
कळण्याच्या भाकरीशेजारची चिमूट.

भादव्यात एका रात्री डोळा लागला.
तीनचा आकडा चारला लिहिला,
दोन आणि चारच्या बरोबर मधला,
सुबक अक्षरात.

दोन दिवसांनी फोन.
"काका, तीनला काय झालं होतं?
नदी इतकी सरळ चढत नाही."

पुलावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.
तो जाईपर्यंत मी गप्प.
मग म्हणालो, "झोप लागी गयथी, बहीन."

ती हसली की काय, कळलं नाही.
तीनच्या जागी तिनं रिकामं ठेवलं.
त्या रेघेत अजून एक खाच आहे,
माझ्या झोपेएवढी.

आता तीनला उतरतोच पायऱ्या.
अंधारातून नाना विचारतो,
"कितलं से रे पानी?"

आधी त्याला सांगतो.
मग समुद्राला.