दोन रुपयाचं भेव

मंगळवारी बाजार उठला की
रुपरावकाकाच्या जिनिंगमधल्या गोदामात
टीव्ही टेबलावर चढायचा, टेबल बैलगाडीवर,
आणि दाराशी काका स्वतः, मुठीत दोन-दोनच्या नोटा.
आम्हा पोरींना फुकट. मागं, कापसाच्या गाठींवर,
अंधारात, सरकीच्या वासात.

कॅसेट कॉपीची कॉपी.
रात्र हिरवी दिसायची, आग जांभळी,
हिंदी बोलून संपलं तरी ओठ हालतच राहायचे
त्या गोऱ्या पोरापोरींचे.
सहा जण तळ्यावर सुट्टीला आलेले,
आईबाप नाही, अभ्यास नाही, कुणाची हाक नाही.
आम्हाला तर तेवढ्यावरच धस्स व्हायचं.

मारणाऱ्याच्या तोंडाला बारदाना, दोन भोकं पाडलेला.
असा बारदाना आमच्याकडं गंजीनं पडला होता.
म्हणूनच आवडला असेल तो.
भुताला वाडा लागते, अमावस्या लागते,
याला एक पोतं पुरलं, एक कोयता
आणि हळूहळू चालणं.
पळणाऱ्याच्या आधी हा पोचतो कसा
यावर पोट्ट्यांचे पारावर दोन-दोन दिवस वाद.

"रक्त नाही थे, पाक हाये," मटणवाल्याचा नासिर सांगायचा,
"खरं रक्त काळं पडते."
ऐकून घ्यायचे सगळे. घरचा धंदा.
एकदा झाडामागून घड्याळ घातलेला एक हात आला,
फांदी हलवून गेला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

खरी मजा ओरडण्यात.
जांभळ्या स्वेटरची पोरगी एकटीच दार उघडायला निघाली
की ते किरकिरं संगीत सुरू
आणि अख्खं गोदाम उभं:
"अवं नोको जाऊ तिकडं!"
"मांगं पाय ना वं, मांगं!"
"थो दाराआडच हाये!"
ज्यांना घरात कुणी काही विचारत नव्हतं
त्यांना इथं सगळं आधीच माहीत होतं.
ती ऐकायची नाही.
एकाही मंगळवारी ऐकलं नाही तिनं.

मग पडायची, डोळे उघडे, गळ्यावर पाक,
आणि गुंफा माझ्या मांडीला चिमटा काढायची,
"पोट पाय तिचं. हालते."
हालायचं. खाली-वर,
पळून दमलेल्या पोरीचं पोट.
आम्हाला हसू आवरायचं नाही,
काका दारातून शिवी घालायचा.

कॅसेट मागं फिरवणं माझं काम.
कोयता बाहेर, पाक आत,
सहाच्या सहा उठून, उलट्या पावलांनी,
मोटारीत जाऊन बसायचे.

त्या कार्तिकात तुरीच्या तासात गुंफाचा पाय पडला.
आधी काही वाजलं नाही.
टिटवीसुद्धा नाही.
मी चार तासं सोडून कापूस वेचत होते,
पाठ होती तिच्याकडं.
ओरडायला
मला काही माहीतच नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीवर निजवलं तिला.
डॉक्टर हात धुवायला गेला.
बायांनी हंबरडा फोडला तरी मी पायाशी बसून
पोटावरची नजर काढली नाही.
ओढणी हालली.
पंखा होता वर, ते मला कळत होतं,
तरी मी सांगितलं सगळ्यांना.

पुढं काकानं यवतमाळहून नवी कॅसेट आणली.
रंग चांगले, रक्त काळसर. नासिर खूश.
मी म्हटलं, काका, थे जुनी लावा.
"थे त पाठ झाली वं सगळ्यायले."
लावा.

जांभळी पोरगी दाराकडं निघाली.
सगळे ओरडले, मीही,
घसा बसेपर्यंत.
ती गेली. पडली.
मी गाठीवरून खाली उतरले, टीव्हीजवळ गेले,
मागून शिव्या येत होत्या,
आणि मोजलं.
चित्र बदलेपर्यंत अकरा वेळा.