दर पाचवं घर

चौकातल्या नळापासून डावीकडे, दर पाचवं घर.
कुत्रं असलं तरी सोडायचं नाही, असं लिमाच्या ऑफिसने बजावलंय.
लिमाच्या ऑफिसात कुत्री नाहीत.

पुकाराच्या वरच्या वाडीत पाचवं निघालं
एउस्ताकियो काल्सायांचं.
आढ्यावर मातीचे दोन बैल, मधे क्रूस,
एका बैलाचं शिंग उडालेलं.
कौल घ्यायला आले होते, कौलांकडेच बघत राहिले.

"बसा," म्हातारा म्हणाला, "सगळ्यांचं मीच सांगतो."
पण नियम असा, की घरात ज्याचा वाढदिवस नुकताच झाला
त्यालाच विचारायचं.
वाढदिवस?
म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने आभाळाकडे.
बटाटे हिवात पसरले त्या रात्री, म्हणजे परवाच,
सातुर्निना एकतीस वर्षांची झाली होती.
कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिच्याही, बहुतेक.

ती अंगणात गोठलेले बटाटे अनवाणी तुडवत होती,
चुन्योसाठी. बोटांमधून पाणी निथळत होतं.
मी गोल पत्ता पुढे धरला.
(उमेदवार दोनच उरलेत, तरी पत्ता गोल,
म्हणजे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.
हे तिला समजावलं. ती हसली.)
उद्याच मतदान झालं, तर?

सासरा खोकला.
नवरा खाणीवर, पण त्याची टोपी खुंटीला होती.
तिने पत्ता जात्याच्या पाळीसारखा फिरवला,
एक फेरा, दोन फेरे,
ताकाला तूर लागू दिली नाही.
"माहीत नाही."
मी अठ्ठ्याण्णव दाबला. टॅबलेट म्हणाला, धन्यवाद.

ओढ्याच्या वळणावर मागून पावलं आली.
तीच. पाय लालभडक, सालींनी माखलेले.
नाव तिने कानात सांगितलं,
वर कारणही, केचुआत, एकच वाक्य,
कुठल्याच पर्यायात न बसणारं.
"आता लिहा."
फॉर्म बंद झाला होता. एकदा बंद झाला की मलाही उघडत नाही.
मी म्हटलं, लिहिते.

रविवारी पेपरात आकडा आला:
अनिश्चित, तेरा पूर्णांक चार टक्के.
टीव्हीवर कोटातला एकजण सांगत होता,
कुंपणावरच्या या लोकांना अजून काही कळलेलंच नाही.

त्या पूर्णांकानंतरच्या चारातला
एक कण मी ओळखते.
अनवाणी आहे.

आज दुसरी वाडी. एक, दोन, तीन, चार.
पाचव्याच्या दारात कुत्रं.