मोजणी, आद्रियातिकच्या एका बेटावर

नकाशा एकशे नव्वद वर्षांपूर्वीचा,
साम्राज्याच्या शाईतला. साम्राज्य बुडालं,
मागून आलेली राज्यंही एकेक करून;
नकाशा मात्र चालू.
त्यावर नेदील्कांचं घर अर्धं समुद्रात आहे.
"तरीच भिंतींना ओल येते," म्हणाल्या,
आणि सुक्या अंजिरांची थाळी पुढे सरकवली.

मी झाग्रेबहून काठी घेऊन आलेय,
उपग्रहांशी बोलणारी, चुकली तर बोटभर.
कार्यालयाला हवेत चार कोपरे, आकड्यांत.
दस्तात चतुःसीमा अशी:
पूर्वेस पायवाट, दक्षिणेस भावकी,
उत्तरेस गाढव थांबतं तिथवर,
पश्चिमेस कॅरोबचं झाड.
झाडाचे मालक चौसष्ट.
एकसष्ट मेलेले, दोघे चिलीत, पत्ता नाही;
उरल्या ह्या.
शेंगा बकऱ्या खातात, हिस्सा न विचारता.

दुपारी काठी वाजली.
नकाशातली रेघ आणि दगडी गडगा
यांच्यात अडीच मीटर निघाले.
मी म्हटलं, होतं असं,
जुनी मोजणी, उन्हात साखळी ताणली जाते.

नेदील्का गडग्याकडे बघत राहिल्या.
"साखळी नाही. माझा नवरा.
दर हिवाळ्यात, बोरा वारा सुटला की
रात्री एकेक दगड.
वाऱ्यात आवाज लपायचा."
कुणापासून?
"तेच ना. शेजारचा स्तिपान तर
केव्हाच बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेलेला.
पण असली कामं काय दिवसा करतात?
मी कंदील धरायचे."

माझ्या यादीत फरकाची कारणं अकरा आहेत:
भूस्खलन, लिपिकाची चूक, कागद आकसणे…
कंदील नाही.

गडग्यापलीकडे गुडघाभर रान,
एक द्राक्षवेल बाभरलेली, कुणाच्याच मालकीची नसल्यासारखी.
शेजाऱ्याच्या सहीचा रकाना कोरा.
कायद्यानं गडगा धरला तरी चालतं,
इतकी वर्षं कुणी हरकत घेतलेली नाही;
मी तसं सांगितलंही.

"आणि तो आला तर?"

स्तिपान आज एकशे चार वर्षांचा असता.
मी हिशेब केला, बोलले नाही.

मग त्यांनीच काठी घेतली,
गडगा ओलांडायला मला हात द्यावा लागला,
आणि जुन्या रेघेवर, काट्यांत, उभ्या राहिल्या.
सरळ धरा, म्हटलं,
तो बुडबुडा मधोमध येऊ द्या.
आला. यंत्राला तीस सेकंद लागतात.
त्या जराही हलल्या नाहीत.
सवय असावी.