दावा आणि दावं

मिरकरवाड्यात सोसायटीच्या माडीवर,
बर्फाच्या कारखान्याला खेटून जी खोली आहे
तिथे दोन रॅक आहेत.
एकात साठवण. चोवीस डिस्क, पुण्याहून टेम्पोने आलेल्या,
आंबा घाटात ओकलेल्या ड्रायव्हरसकट.
दुसऱ्यात तीन सर्व्हर, त्यांच्या पोटात अकरा मशिनं,
जी नाहीत, पण त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही,
आणि त्या मशिनांच्या पोटात कंटेनर.

"कंटेनर? ह्या खोलीत?"
शरफुद्दीनचाचा होडेकर चष्मा पुसत म्हणाले,
"जयगडला बघितलंय मी. चाळीस फुटी असतो एकेक."
हे हलके आहेत चाचा. मरतात, लगेच उठतात.
उठले की मागचं काही आठवत नाही.
"मग होड्यांचा हिशेब त्यांच्या हातात कशाला दिलास?"

म्हणून तर बाजूचा रॅक.
कंटेनर उठतो, जागा मागतो. त्या मागणीला दावा म्हणायचं.
साठवणीतून तेवढा तुकडा निघतो
आणि त्याच्याशी बांधला जातो.
चाचांनी ऐकलं, दावं.
गुरांच्या गळ्यात असतं ते.
मी दुरुस्त केलं नाही.

नोव्हेंबरात लक्षद्वीपच्या बाजूला हवा फिरली.
बंदरावर तीन नंबरचा बावटा.
बाहेर त्रेसष्ट होड्या, आणि कोण परतलं कोण नाही
ते सगळं त्या एका तुकड्यावर.
रात्री पावणेदोनला कारखान्याचा कॉम्प्रेसर धडकन बसला,
एक फेज घेऊन गेला, दुसरा सर्व्हर काळा.
कंटेनर तिसऱ्यावर उठला, शहाण्यासारखा,
आणि त्याने आपली डिस्क मागितली.
पडद्यावर उत्तर:
ती दुसरीकडे बांधलेली आहे.

कुणाकडे? त्या काळ्या पडलेल्याकडे.
मेलेला हात दोर सोडत नव्हता.
तोडता येतं. एक ओळीची आज्ञा आहे.
पण तो नुसता बेशुद्ध असला
आणि एकाच पानावर दोघे लिहू लागले,
तर पानाची रद्दी होते.
नियम असा की आधी मेल्याची खात्री करा.

चाचा खालून रजिस्टर घेऊन आले होते.
फोन कानाला, पेन्सिल कानावर,
"काळबादेवी, दोन लागल्या. भाट्यात एक."
त्यांच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर
दर वर्षी एक ओळ पुन्हा लिहिलेली असते:
गुलनार, तांडेल मुश्ताक होडेकर, निघाली पहाटे चारला.
परतीचा रकाना मोकळा.
अठरा वर्षं.
हे सगळं मशिनात भरताना मी विचारलं होतं, ही ओळ?
"राहू दे."
रकाना मोकळा चालत नाही, चाचा.
"चालव."
म्हणून दावा मिटला तर तुकड्याचं काय करायचं,
पुसायचा की ठेवायचा, या प्रश्नापुढे
मी ठेवायचा लिहिलंय. फुकट जागा अडते, ऑडिटवाला बोलतो.

मी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे गेले.
पंखा बंद. दिवा नाही. धातूला हात लावला,
गार पडत चाललेला.
तरी दोन्ही वायरी ओढून काढल्या
आणि मग ती आज्ञा दिली.

साठवणीने विचार केला. बराच.
खाली जेटीवर कुणीतरी कुणालातरी शिव्या घालत होतं, म्हणजे कुणीतरी आलं होतं.

मग पडद्यावर: बांधले.
यादी उघडली, त्रेसष्ट नावं, आणि सगळ्यात वर
गुलनार.

"काय गो, लागली काय?"
चाचा दारातूनच.
लागली, म्हटलं.
मग माझ्याच लक्षात आलं आपण काय बोललो,
आणि घाईने म्हटलं, डिस्क, चाचा. डिस्क.
ते हो म्हणाले.
पेन्सिलीला टोक करत बसले,
अजून एकोणीस यायच्या होत्या.