सोलांचा रंग

डिचोलीच्या बसस्टँडमागे, किल्ल्या करणाऱ्याच्या माथ्यावर
पिएदादचं पार्लर. जिना अरुंद.
ऑक्टोबरच्या उन्हातून चढून गेले तेव्हा
पतसंस्थेची जेवणाची सुट्टी
पस्तीस मिनिटं उरली होती.

तिनं कार्ड पुढं केलं :
केसांचे चिमूटभर झुपके, ओळीनं चिकटवलेले,
वर कुठल्याशा थंड देशातलं झाड,
पानं पेटलेली, खाली बाक, बाकावर कुणी नाही.
शरदाचे रंग म्हणे.
आमच्याकडे शरदात काय झडतं?
फणस हिरवा, आंबा हिरवा,
झडतं ते कुंपणाच्या चिऱ्यांवरचं शेवाळ,
काळं होऊन, पापुद्र्यांनी.

"बाय, हात दाखय."
मनगट उलटं करून तिनं खिडकीशी धरलं.
शिरा हिरवट.
माझी बांगडी वर सरकवून
शेजारी स्वतःचं चांदीचं कडं टेकवलं,
मग सोनं, पुन्हा चांदी.
सराफानंही कधी इतका वेळ
माझ्या कातडीकडे पाहिलं नव्हतं.
"तुका ऊब जाय. राखाडी नाका,
तोंड दुयेंतीचें दिसतलें."
त्रेपन्न वर्षं मी नुसतीच सावळी होते.

तिचं बोट एका झुपक्यावर थांबलं.
खाली लिहिलेलं, कॉपर मेपल.
मेपल मी पाहिलेला नाही,
पण हा रंग माझ्या बरणीत आहे :
मे महिन्यात मीठ लावून वाळवलेली भिरंडाची सोलं
उजेडात धरली की कडेला दिसतो, तो.
"सोलांचो," मी म्हटलं.
ती हसली, आणि वहीत माझ्या नावापुढं तेच लिहिलं.

नंतरचे नियम तिनं केसांना ब्रश लावता लावता सांगितले.
तीन दिवस धुवायचे नाहीत. मग गार पाण्यानं.
उन्हात ओढणी. साधा शाम्पू बंद.
तेल तर महिनाभर नकोच.
पाच आठवड्यांनी भांगाशी पुन्हा एक हात,
त्यासाठी अर्धी ट्यूब कागदात गुंडाळून दिली.
"आनी उदक? बांयचें?"
बांयचंच. खाणीच्या उताराखालची विहीर,
रात्रीतून बादलीच्या तळाला तांबूस साका बसतो,
पांढरं कापड आमच्या वाड्यावर कुणी घेत नाही.
पिएदादनं हात थांबवला.
लोखंड रंग खातं, म्हणाली.

विश्वंभरनं जेवताना एकदा वर पाहिलं,
मग ताटात.
"हुमण बरं झालंय."
एवढंच.
चौथ्या दिवशी उजाडायच्या आत स्कूटरचा आवाज.
मयेच्या रस्त्यावरच्या झरीवरून
दोन कॅन पाणी आणलं होतं त्यानं.
"चहाला बरं असतं," म्हणाला,
आणि कॅन नेऊन ठेवले न्हाणीत.

दिवाळीच्या आदल्या दुपारी शेजारचा तन्वेश दारात,
कोपरापर्यंत खळ, केसांत कागदाचे कपटे.
"काकी, रंग आसा? नरकासुराच्या मिशांक?"
काथ्या नुसता काथ्यासारखा दिसतोय म्हणाला,
राग येत नाही त्याला पाहून.
मी कपाट उघडलं. का उघडलं, माहीत नाही.
रात्री बघायला गेले :
दहा हात उंच, डोळ्यांत बल्ब,
आणि ओठांवर माझा रंग.
त्याला माझ्यापेक्षा चांगला धरला होता.
मांडवाखाली पिएदादचा मुलगा ढोल बडवत होता.

पहाटे चारला पेटवला.
हात आधी गेले, मग पोटातलं गवत,
मिशा बऱ्याच वेळानं.
घरी येऊन टाचेखाली कारीट फोडलं,
कडू बी जिभेला लावलं.
तेलाची वाटी कोमट होती, विश्वंभरनंच केलेली.
मी बोट बुडवलं, टाळूवर एकच थेंब,
पिएदादला सांगणार नाही.
मग झरीचं पाणी, तांब्यातांब्यानं.

आरशात भांगाशी पाहिलं :
तांदळाच्या कणीएवढं पांढरं,
आणि आठवडे फक्त तीन झालेत.
"आज दुसरी फेरी मारू?"
बाहेर तो कॅन हलवून पाहत होता.