सोळावं

सोमवारी लक्ष्मीपुरीतून कांदे आणते.
जुनी मुळं खरवडून
पेल्यांच्या तोंडावर बसवते,
बूड तेवढं पाण्याला टेकवून.
गुरुवारी पांढरी मुळं सुटलेली असतात.
सकाळी सव्वाआठला टोकं कापायची.
या वेळेला पेशी जास्त विभागतात, असं सर सांगतात.

टोकं अल्कोहोल आणि ॲसिडात पडतात
आणि जे जिथं होतं ते तिथंच थांबतं.
मग रंग. दिव्यावर जराशी ऊब.
काचेवर काच, वर टिपकागद, वर अंगठा.
दाबायचा, सरकू द्यायचा नाही.
बावीस वर्षं झाली, नखाची कड
आळता लावल्यासारखी लाल ती लालच.

आज दुसऱ्या बाकावर तब्बसुम.
आडनाव शिकलगार, आणि ब्लेड धरताना हात कापतो.
पण नजर बारीक.
पाऊण तास भिंगाला डोळा लावून बसली, मग म्हणाली,
मावशी, ह्यात पंधराच मधी हायत ओ.
एक लांब पडलंय कडंला.
पुस्तकात सगळी एका ओळीत आहेत.
घेऊ काय खोडून?

मी वाकून बघितलं.
कांद्याची सोळा गुणसूत्रं.
पंधरा आडवी, पेशीच्या कमरेशी,
आणि सोळावं एका टोकाला, एकटंच,
वाकडं.

ज्या धाग्यांनी ती ओढली जातात
ते धागे काचेवर कधीच दिसत नाहीत.
हा रंग त्यांना लागत नाही.
कशी वाकलीत, कुठं ताठलीत,
त्यावरून समजायचं.
पुस्तकात त्याला तर्कू म्हणतात.
माझे आबा चाती म्हणायचे.

आबा गिरणीत सांधणीवर.
शेकडो चात्या फिरायच्या,
कुठला धागा तुटला हे त्यांना दिसायच्या आधी कळायचं.
फुंकर, चिमूट, पीळ, की पुढची चाती.
मला एकदाच नेलं होतं आत. कापसानं नाक भरलेलं.
एक धागा बोटावर घेऊन म्हणाले,
बघ, हा दिसतोय जोडल्यागत, पण जोडलेला न्हाई.
सैल हाय.
वढ लागली तरच जोडलं म्हणायचं.

पेशीलाही दिसत नाही, बहुतेक.
दोन्ही टोकांकडून धागे सुटतात,
वाढतात, चाचपडतात, काहीच हाती न लागता विरतात, पुन्हा सुटतात.
एखादा अडकतो.
कधी जुळ्या बहिणी दोघी एकाच टोकाला बांधल्या जातात.
गाठ पक्की, पण उलटी ओढ कुठून येणार?
मग पेशीच ती गाठ सोडते.
पुन्हा चाचपडणं.
एक इकडून, एक तिकडून ओढू लागलं
की गाठ राहते.

तोवर बाकीची?
पंधरा जणी ताणलेल्या, दोन्हीकडून,
तयार.
कुणी दोरी तोडत नाही.
एवढी पेशी, केसाएवढीही नाही,
एकासाठी खोळंबते.

हे मी तब्बसुमला सांगितलं नाही.
मी प्रयोगशाळा मदतनीस, शिकवायचा पगार मला नाही.
एवढंच म्हटलं, खोडू नको. हाय तिथं काढ.
तिनं काढलं. पेन्सिलीला टोक करून, सावकाश,
वाकडं होतं तसं वाकडं.
सरांनी बाजूला प्रश्नचिन्ह केलं, सहीही केली.

घंटा झाल्यावर बाकीच्या काचा मी नळाखाली धुतल्या.
तिची ठेवली. तिनंच कडेनं
नेलपॉलिश फिरवून बंद करून दिली होती, जांभळं,
आणि चिठ्ठीवर तारीख.

सव्वाआठ वाजता मीच थांबवलं त्यांना.
सोळाव्याचा धागा कदाचित
बोटभरावर आला असेल.
लाकडी पेटीत, खाच क्रमांक नऊ:
पंधरा ताणलेल्या.
अजून कुणी पुढं गेलेलं नाही.